बटण लागेना, चप्पल टिकेना

रांजणगावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एखाद्याची बोटं नटावर ठरेनाशी होतात. शर्टाचं बटण लागेना. चप्पल पायातून निसटते, तरी कळत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. मान दुखतेच असं नाही, म्हणून तिकडे लक्षच जात नाही.

दोष मात्र अनेकदा तिथेच असतो. मानेच्या मणक्यांतून मज्जारज्जू जातो, ती वाट जेमतेम 17 मिलिमीटरची. मणक्यांमधली गादी मागे सरकली, हाड वाढलं, की ती आवळते आणि मज्जारज्जूवर दाब येतो. एमआरआयमध्ये हे दिसतं.

दाब एक-दोन जागीच, पुढून असेल तर सर्जन गळ्याच्या पुढच्या बाजूने जातात. श्वासनलिका, अन्ननलिका हलकेच बाजूला घेऊन गादी काढतात आणि दोन मणके जोडतात. दाब तीन-चार मणक्यांवर पसरलेला असेल तर बहुधा मागून. पूर्वी मणक्याची मागची कमान काढूनच टाकत. मग काहींची मान पुढे झुकायची. 1977 साली जपानच्या हिराबायाशींनी कमान एका बाजूने कापली, दुसरी बाजू बिजागरीसारखी ठेवली आणि वाड्याच्या दारासारखी उघडली. कमान राहते, वाट रुंदावते! मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

मात्र गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. बिघाड थांबवणं हा पहिला हेतू. म्हणून मालिश करण्यात, मान मोडून घेण्यात महिने घालवू नका. ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात दाखवा. घरी एवढं करून पाहा: 10 सेकंदांत मूठ भरभर मिटा-उघडा. निरोगी हाताला साधारण 20 वेळा जमतं.