पोलादी दांडी आणि गाता गळा : ब्रिजभूषण काबरा यांची शिष्यपरंपरा

स्टील गिटार या नावातील ‘स्टील’ हा शब्द वाद्याच्या घडणीबद्दल नसून वादकाच्या डाव्या हातातील पोलादी दांडीबद्दल आहे. वाद्य मांडीवर आडवे ठेवून, तारा पट्टीवर न दाबता ही गुळगुळीत दांडी त्यांवरून सरकवली जाते आणि उजव्या हाताने, बोटांत घातलेल्या नख्यांनी, तारा छेडल्या जातात. तार पडद्यावर टेकत नसल्यामुळे एका स्वरापासून दुसऱ्या स्वरापर्यंतचा नाद मध्ये कोठेही तुटत नाही, आणि हिंदुस्थानी संगीतात ज्याला मींड म्हणतात, म्हणजे दोन स्वरांना सांधणारा अखंड ओघ, तो या वाद्यावर आपोआप साधतो. स्वराची अचूकता मात्र तितक्या सहज साधत नाही. दांडी नेमक्या जागेपासून दोन-तीन मिलिमीटर जरी सरकली तरी वादन बेसूर होते, आणि तेथे पडद्याचा आधार नसून केवळ कानाचा आधार असतो.

हवाई बेटांत या वादनपद्धतीचे जनकत्व सामान्यतः जोसेफ केकुकू यांना दिले जाते. ओआहू बेटावरील लाये या गावच्या केकुकूंनी 1889 च्या सुमारास, शाळकरी वयातच, ही रीत विकसित केली, आणि 1915 च्या सान फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर ती अमेरिकाभर पसरली. भारतात ती रुजली ती प्रामुख्याने फिरत्या हवाईयन कलावंतांमुळे. त्यांतील ताऊ मो हे वादक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंबासह कोलकात्यात राहिले, आणि गार्नी निस यांच्यासारख्या तेथील वादकांनी त्यांच्याकडून या वाद्याचे धडे घेतले. पुढे बंगालमध्ये सुनील गांगुली, बटुक नंदी, काझी अनिरुद्ध आदींनी रवींद्रसंगीत आणि चित्रपटगीते या गिटारवर वाजवून तिला घरोघरी नेले, तर मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी तिला वाद्यवृंदात मानाचे स्थान मिळवून दिले. तरीही रागसंगीताच्या मैफलीत ती बराच काळ परकीच राहिली, आणि हे परकेपण संपवण्याचे श्रेय मुख्यत्वे ब्रिजभूषण काबरा यांना द्यावे लागते.

काबरा यांचा जन्म 1937 मध्ये जोधपूर येथे एका संगीतप्रेमी घराण्यात झाला. थोरले बंधू दामोदरलाल हे सरोदवादक आणि उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य होते, आणि खाँसाहेब स्वतः काही काळ जोधपूर दरबारात होते. ब्रिजभूषण यांनी हवाईयन गिटार हाती घेतली तेव्हा वडिलांनी ती केवळ शास्त्रीय संगीतासाठीच वाजवण्याची अट घातली, असे सांगितले जाते. अडचण अशी होती की या वाद्यावर राग शिकवील असा गिटारवादक गुरू उपलब्ध नव्हता. त्यामुळे त्यांनी अली अकबर खाँ यांच्याकडे शिक्षण घेतले. सरोदच्या पट्टीलाही पडदे नसतात, तिच्यावर गुळगुळीत धातूचा पत्रा असतो आणि मींड हाच तिचा प्राण आहे, म्हणून हा योग केवळ सोयीचा नव्हे तर सांगीतिकदृष्ट्या उचित ठरला. येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी लागते. गुरूच्या हातातले वाद्य शिष्याच्या हातातल्या वाद्याहून वेगळे असले की बोटांची नक्कल करून विद्या येत नाही, राग गळ्यावाटे आत्मसात करावा लागतो आणि वाद्यावर त्याची जागा शिष्याला स्वतः शोधावी लागते. काबरा यांच्या वादनातील संथ, गायकी वळणाच्या आलापाचे मूळ या शिक्षणात आहे. आपल्या गिटारीत त्यांनी चिकारीच्या तारा, म्हणजे षड्जाचा सतत आधार देणाऱ्या आणि लय धरणाऱ्या बाजूच्या तारा, बसवल्या होत्या, आणि तेवढ्या बदलावर त्यांनी आपले काम भागवले.

त्यांचे सर्वाधिक परिचित ध्वनिमुद्रण 1967 चे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हे होय, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा किती मोठा आहे याची जाणीव मराठी वाचकांतही फारशी नसते. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि काबरा यांची गिटार यांच्या मेळातून काश्मिरातील एका मेंढपाळाचा दिवस रागांद्वारे उलगडणाऱ्या या तबकडीला तबल्याची साथ माणिकराव पोपटकर यांची होती, आणि तिचे निर्माते एचएमव्हीचे ग. ना. जोशी होते. हेच जोशी मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन मराठी भावगीताच्या आरंभीच्या काळात लोकप्रिय झाले होते. वऱ्हाडातल्या एका कवितेला घरोघरी पोचवणाऱ्या माणसानेच पुढे या गिटारला जगापुढे नेले, ही विदर्भाच्या सांस्कृतिक इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी बाब आहे.

गुरू म्हणून काबरा यांची खरी कसोटी मात्र तबकडीत नसून त्यांच्या शिष्यांत लागते. त्यांचे सर्वांत ख्यातनाम शिष्य देबाशिष भट्टाचार्य (जन्म 1963) यांनी बालपणापासूनच हवाईयन गिटार हाताळली होती. काबरा यांना जे लाभले नव्हते ते त्यांना लाभले, म्हणजे तेच वाद्य वाजवणारा गुरू. भट्टाचार्य आपल्या वादनावरील काबरा यांचे ऋण जाहीरपणे मान्य करतात, आणि त्यांचा आलाप ऐकताना त्या ऋणाचा पुरावा वेगळा शोधावा लागत नाही. परंतु त्यांनी गुरूची केवळ पुनरावृत्ती केली नाही. दांडी तारेवरून प्रत्यक्ष सरकवावी लागत असल्यामुळे द्रुत ताना, म्हणजे वेगवान स्वरपंक्ती, या वाद्यावर अवघड होतात. ही मर्यादा त्यांनी उजव्या हाताचे तंत्र वाढवून ओलांडली. शिवाय 24 तारांची ‘चतुरंगी’, 14 तारांची ‘गांधर्वी’ आणि चार तारांची ‘आनंदी’ अशी तीन वाद्येही त्यांनी घडवली. गुरूने चिकारीवर थांबवलेले काम शिष्याने तरफांपर्यंत, म्हणजे न छेडताच अनुनादाने झंकारणाऱ्या तारांपर्यंत नेले. शिष्याने गुरूला स्मरण्याची याहून मोठी रीत नाही.

काबरा यांचे गुरू अली अकबर खाँ यांच्या मैहर घराण्याचीच दुसरी शाखा पंडित रविशंकर यांचे शिष्य विश्वमोहन भट्ट यांची आहे. त्यांच्या मोहनवीणेने, म्हणजे दांडी सरकवून वाजवायच्या त्यांच्या स्लाईड गिटारने, 1994 मध्ये राय कूडर यांच्यासह ग्रॅमी पुरस्कार मिळवला, आणि हॅरी मँक्स यांच्यासारखे परदेशी वादक भट्टांकडे अनेक वर्षे राहून शिकले. काबरा यांचे 2018 मध्ये निधन झाले तेव्हा भारतीय स्लाईड गिटारला, गुरुमुखातून चालत आलेली का होईना, स्वतःची परंपरा होती. त्यांनी सुरुवात केली तेव्हा ती नव्हती.

ही विद्या कागदावर फार थोडी उतरते, कारण दांडी किती सरकली आणि कोठे थबकली हे स्वरलिपीतील चिन्हांनी पुरते सांगता येत नाही. विदर्भातील वाचकाला हे नवे वाटू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांच्या चाली गावोगावच्या मंडळांत अशाच कानातून गळ्यात आणि गळ्यातून पुढच्या पिढीत गेल्या आहेत, आणि शिकवणारा गेल्यावर त्याचे शिष्यच त्याचे दफ्तर ठरले आहेत. म्हणून मारेगाव, वणी, पांढरकवडा या परिसरात ज्यांनी हवाईयन गिटार, पेटी, बासरी वा खंजिरी एखाद्या शिक्षकाजवळ बसून शिकली असेल, त्यांनी येत्या दिवाळीच्या सुटीत एकत्र येऊन त्या शिक्षकांनी गाऊन दिलेल्या चाली, शिकवण्याचा क्रम आणि वारंवार दुरुस्त केलेल्या चुका मोबाईलवर ध्वनिमुद्रित कराव्यात, मुद्रणावर शिक्षकाचे नाव, गाव आणि वर्ष नोंदवावे आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी.