डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा आणि गॅरेजचे बिल

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचे जे पिवळे चिन्ह उजळते, त्याला सगळीकडे ‘चेक इंजिन लाइट’ म्हणतात. नाव इंजिनचे असले तरी या दिव्याचे मूळ काम सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या वायूंवर नजर ठेवण्याचे आहे. तेलाचा दाब घटला किंवा इंजिन तापले तर त्यासाठी वेगळे लाल दिवे असतात आणि ते लागल्यावर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे लागते. पिवळा दिवा स्थिर जळत असताना गाडी बहुधा नेहमीसारखी चालते. त्यामुळे काही मालक महिनोन् महिने त्याच्याकडे पाहत नाहीत, तर काही जण घाबरून पहिल्याच एस्टिमेटवर सही करतात. दोन्ही वेळा पैसा जातो, आणि दुसऱ्या वेळी तर बरेचदा दिवा तसाच राहतो.

ही व्यवस्था जन्मली कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने हैराण झालेल्या त्या राज्याने १९८८पासूनच्या मोटारींना स्वतःचे दोष ओळखणारी यंत्रणा सक्तीची केली. तिची सुधारित आवृत्ती, म्हणजे ओबीडी-२, १९९६पासून संपूर्ण अमेरिकेत लागू झाली आणि २००१पासून युरोपातल्या पेट्रोल मोटारींत आली. भारतात भारत स्टेज-४ मोटारींना एप्रिल २०१०पासून पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३पासून ओबीडी-२ बंधनकारक झाले. १ एप्रिल २०२०ला भारत स्टेज-६, म्हणजे बीएस-६, आल्यावर मर्यादा आणखी कडक झाल्या. आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. मेकॅनिक ‘स्कॅनर लावतो’ तो तिथेच.

इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, डझनावारी सेन्सरांकडून सतत माहिती घेत असतो: हवा किती आली, पाणी किती तापले, सायलेन्सरमधल्या वायूत ऑक्सिजन किती उरला. एखादे मोजमाप अपेक्षेबाहेर गेले की तो दोषाची नोंद करतो, पण बऱ्याच दोषांसाठी दिवा लगेच लावत नाही. सलग दुसऱ्या फेरीतही, म्हणजे गाडी पुढच्या वेळी सुरू करून चालवतानाही, तोच दोष दिसला, तरच दिवा लागतो. त्याच क्षणी इंजिनाचा वेग, गाडीचा वेग, तापमान आणि इंधनाचे प्रमाण यांची एक नोंद साठवली जाते. तिला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो, पण कोड मात्र सुमारे चाळीस वेळा इंजिन गरम होईपर्यंत स्मृतीत राहतो. ‘दिवा आपोआप गेला’ असे म्हणणाऱ्या मालकाच्या गाडीत माहिती शिल्लक असते ती अशी. ती वाचून घ्यायची तीच योग्य वेळ असते.

दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. याचा अर्थ एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाही, गाडी ‘मिसिंग मारते’ आहे आणि न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आहे. कन्व्हर्टरच्या आतली चिनी मातीची जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा थर असल्याने ती बदलण्याचा खर्च हजारोंच्या घरात आणि काही गाड्यांत लाखाच्या पुढे जातो. अशा वेळी ॲक्सिलरेटर हलका ठेवून जवळचे गॅरेज गाठावे किंवा गाडी टो करून न्यावी. काही शे रुपयांच्या प्लगपायी कन्व्हर्टर घालवण्यासारखे दुसरे नुकसान नाही.

स्कॅनरवर पाच अक्षरांचा एक कोड दिसतो. पहिले अक्षर पी असेल तर दोष इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या बाजूचा असतो. त्यानंतर शून्य असल्यास कोड सर्व कंपन्यांना समान असतो, एक असल्यास बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा असतो. इथेच सर्वांत महागडी चूक होते. कोड बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही. कोणते मोजमाप चुकले एवढेच सांगतो. कोडमध्ये ‘ऑक्सिजन सेन्सर’ हे शब्द आले म्हणून सेन्सर बदलला जातो, आठवड्याने दिवा पुन्हा लागतो, मग दुसरा भाग बदलला जातो. मालकाच्या खिशातून चाललेल्या या अंदाजबाजीला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

पी०१७१ हा नेहमी दिसणारा कोड याचे चांगले उदाहरण आहे. मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, एवढाच त्याचा अर्थ. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग इंधन लागते आणि ईसीयू ऑक्सिजन सेन्सर पाहून हे प्रमाण सतत दुरुस्त करतो. ही दुरुस्ती स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ म्हणून टक्क्यांत दिसते. ती दोन वेळा वाचावी: एकदा गाडी न्यूट्रलमध्ये शांत उभी असताना आणि एकदा इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरून. उभ्या गाडीत ट्रिम खूप वर आणि वेग वाढवल्यावर जवळपास सामान्य होत असेल, तर कुठेतरी रबरी नळी तडकलेली असण्याची शक्यता जास्त, कारण त्या फटीतून शिरणारी हवा कमी वेगातच जास्त जाणवते. याउलट, वेग आणि भार वाढल्यावर ट्रिम वाढत गेली तर संशय फिल्टर, पंप किंवा इंजेक्टरवर जातो. एकाच कोडची दोन कारणे, आणि त्यांच्या खर्चात जमीनअस्मानाचा फरक. ही तपासणी पाच मिनिटांची असते, पण ती करणारा मेकॅनिक शोधावा लागतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जळायला हवा थोडी कमी लागते, म्हणून ई-२० भरल्यावर ट्रिम काहीशी वर सरकते. सुदृढ गाडी ते सांभाळून घेते. आधीच कडेला पोहोचलेल्या जुन्या गाडीत मात्र तेवढ्यानेही दिवा लागू शकतो.

मिसिंगच्या कोडमध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत चाचणी फुकटात होते. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावायची, कोड काढून गाडी चालवायची. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब. कोड दुसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष, मग हीच अदलाबदल प्लगची करायची आणि त्यानंतर इंजेक्टर व कॉम्प्रेशन तपासायचे. सीएनजीवरच्या गाड्यांत हा कोड लवकर येतो, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते आणि थकलेला प्लग किंवा कॉइल आधी गॅसवरच हार मानते. पेट्रोलवर गाडी नीट चालते म्हणून थेट गॅस किटला दोष देण्याआधी प्लग उघडून पाहावेत.

पी०४२० या कोडचा अर्थ कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी झाली असा आहे आणि सर्वांत मोठी एस्टिमेट याच कोडवर निघतात. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. अनेक गाड्यांत पहिल्याचे व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ यांच्या दरम्यान सारखे वरखाली होते. कन्व्हर्टर चांगला असेल तर मागच्याचे बरेचसे स्थिर राहते. मागचा सेन्सरही पुढच्यासारखाच नाचू लागला की ईसीयू कन्व्हर्टरला दोषी धरतो. पण सायलेन्सरच्या जोडाला गळती असेल किंवा मागचा सेन्सर स्वतःच म्हातारा झाला असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. म्हणून आधी गळती पाहावी आणि दोन्ही सेन्सरांचा आलेख स्कॅनरवर स्वतः बघायला मागावा. कन्व्हर्टर खरोखर गेला असेल तर तो का गेला, हेही शोधायला हवे. इंजिन तेल जाळत असेल किंवा जुने मिसिंग तसेच असेल, तर नवा कन्व्हर्टरही जातो. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू कमी असतात आणि काही महिन्यांत तोच कोड परत येतो.

डिझेल गाडीचे दुखणे निराळे. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. ते शहरातल्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत मिळत नाही. गाडी सफाई सुरू करते, तेवढ्यात मालक ऑफिसला पोहोचून चावी फिरवतो, असे वारंवार झाले की डीपीएफचा दिवा लागतो आणि दुर्लक्ष केल्यास इंजिनचा. अर्धवट राहिलेल्या सफाईसाठी सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्येही उतरते, म्हणून ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ते बदलावे लागते. डीपीएफचा दिवा एकटाच असेल तेव्हा हमरस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एकसलग वेगात गाडी चालवली की बहुतेक वेळा काम होते. नेमका वेग आणि गिअर मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. ती वेळ निघून गेली की सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनरने सफाई करावी लागते आणि त्याहीपुढे फिल्टर बदलावा लागतो. रोज जेमतेम पाच किलोमीटर जाणाऱ्या माणसाने डिझेल गाडी घेऊच नये.

फिल्टर किंवा कन्व्हर्टरची आतली जाळी काढून टाकून नुसते रिकामे नळकांडे बसवण्याचा ‘उपाय’ काही ठिकाणी सुचवला जातो. तो बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषणाची मानके मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय त्या नळकांड्यातून बाहेर पडणारे विष मालकाच्याच गल्लीत राहणारी मुलेच श्वासात घेतात.

आपल्याकडची आणखी दोन कारणे परदेशी माहितीपत्रकांत क्वचित सापडतात. एक उंदीर. पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या गरम बॉनेटखाली ते वायरिंग कुरतडतात आणि एकाच वेळी चार-पाच असंबद्ध कोड येतात. असे झाले की आधी वायरी पाहाव्यात. दुसरे पावसाळा. कनेक्टरमध्ये पाणी शिरले की दिवा लागतो आणि ऊन पडले की विझतो. कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करणे एवढ्यावर हे भागू शकते. याउलट, पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करा हा इंटरनेटवरचा लाडका सल्ला अमेरिकी गाड्यांचा आहे. तिथे टाकीतल्या वाफेच्या गळतीवर सक्तीने पाळत ठेवली जाते. भारतातल्या बहुतेक गाड्यांत दिवा त्या कारणाने लागत नाही.

गॅरेजमध्ये ‘एरर काढून देतो’ म्हणणाऱ्याकडून नुसता कोड पुसून घेणे तोट्याचे असते. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम जाते, स्वयंतपासणीचे सर्व टप्पे शून्यावर येतात आणि दोष मात्र जागेवरच राहतो. बॅटरीची वायर काढून ठेवण्यानेही तेच होते. म्हणून पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढावा. मोबाइलशी ब्लूटूथने जोडले जाणारे साधे उपकरण हजार-दीड हजारांच्या आत मिळते आणि कोड वाचायला पुरते.

खर्च आवरायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे निदानाचे पैसे वेगळे आणि आनंदाने देणे. तासभर तपासणी करणाऱ्या मेकॅनिकला त्या तासाची मजुरी मिळाली नाही, तर ती तो सुट्या भागांतूनच काढणार. एस्टिमेट लेखी घ्यावे, त्यात कोड, कोणत्या चाचणीवरून भाग बदलायचा ठरला ते कारण, भागाचा क्रमांक आणि लेबर वेगळे लिहून घ्यावे. काढलेला जुना भाग परत मागावा. २२ सप्टेंबर २०२५पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. सर्व्हिस सेंटर आणि चौकातले गॅरेज यांच्यात सरसकट निवड करता येत नाही. कंपनीचा स्वतःचा कोड, प्रोग्रॅमिंग किंवा वॉरंटी असेल तिथे सर्व्हिस सेंटरला पर्याय नाही. कॉइल, प्लग, सेन्सर, थर्मोस्टॅट ही कामे चांगला स्थानिक मेकॅनिक तितकीच नीट आणि कमी मजुरीत करतो. सेन्सर आणि कॉइल मात्र ओरिजिनल किंवा नामांकित कंपनीचेच घ्यावेत. वाहन विम्याचा इथे उपयोग नाही, कारण नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड वगळलेले असतात.

जुनी गाडी घेतानाही या दिव्याकडे पाहावे. चावी ऑन केली की तो क्षणभर लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. लागून विझला तरी स्कॅनरवर स्वयंतपासणीचे टप्पे अपूर्ण दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसलेले असण्याची शक्यता असते. सौदा आठवडाभर लांबवून गाडी पुन्हा तपासावी.

बिल भरूनही तोच कोड परत आला, तर आधी लेखी तक्रार करून गॅरेजला दुरुस्तीची संधी द्यावी. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची असते, मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही. आयोगापुढे बिल, लेखी एस्टिमेट आणि दुरुस्तीच्या आधी व नंतर काढलेले स्कॅनरच्या स्क्रीनचे फोटो हाच पुरावा कामी येतो.