मराठी अक्षरे का बिघडतात?



मनीषनगरातील आमच्या शेजारच्या एका तरुणाने शाळेसाठी मुलांच्या नावांची यादी केली. घरच्या संगणकावर नावे स्वच्छ मराठीत दिसत. तीच यादी सर्व्हरवर, म्हणजे सर्वांना माहिती पुरविणाऱ्या दूरच्या संगणकावर, चढवली आणि नावांच्या जागी परक्या खुणा उमटल्या! गुरुजी म्हणाले, "यंत्राला मराठी झेपत नाही." पण तसे नव्हते, बरं का.

संगणक अक्षरे ठेवीत नाही, आकडे ठेवतो. 'नंबर बारा' म्हटले की कोण उठेल? चौथीत एक मुलगा, पाचवीत दुसरा. हजेरीपट कोणता, हे ठरल्यावाचून आकड्याला अर्थ नाही.

'युनिकोड' हा जगातील लिप्यांचा सामाईक हजेरीपट. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्यातले आकडे साठविण्याच्या 'यूटीएफ-८' पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'मनीषनगर' यात सहा अक्षरे व एक वेलांटी, अशी सात चिन्हे. म्हणजे २१ बाइट झाले. 'लॅटिन-१' ही युरोपीय पद्धत मात्र एका बाइटला एक अक्षर समजते. तिने वाचले की सातांच्या जागी २१ खुणा! 'मायएसक्यूएल' हा प्रसिद्ध डेटाबेस २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत, वेगळे सांगितले नाही तर, लॅटिनच धरून चाले. आमच्या तरुणाचे तेथेच चुकले होते.

मग दोष ओळखावा कसा? रिकाम्या चौकटी दिसल्या, तर बहुधा फॉन्ट नाही, तो बसवा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसला, तर हजेरीपट चुकला. मजकूर बहुधा शाबूत असतो. मूळ फाइल, डेटाबेस, त्याच्याशी होणारी जोडणी आणि पडद्यावरचे पान, या चारही ठिकाणी 'यूटीएफ-८' आहे ना, ते पाहा. पण ओळीने प्रश्नचिन्हे दिसली, तर सावध! न ओळखलेल्या अक्षराच्या जागी यंत्राने प्रश्नचिन्हच लिहून ठेवले असेल, तर मूळ अक्षर त्यातून परत मिळत नाही.

तरुणाने चारही जागा तपासल्या आणि मूळ फाइल पुन्हा चढवली. नावे नीट उमटली. गुरुजींनी थेट सर्व्हरवर भरलेली काही नावे मात्र प्रश्नचिन्हे होऊन बसली होती. ती कागदी हजेरीपटावरून पुन्हा लिहावी लागली. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, आधी दोनच नावे चढवून पाहा, आणि सर्व यादी नीट दिसेपर्यंत मूळ प्रत पुसू नका.