गड, साखर आणि मी

दिवाळीच्या अंकात मधुमेहावर लिहायचे म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून उपासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, याची मला पुरती जाणीव आहे. निम्मी वाचक मंडळी हा अंक एका हातात आणि चकली दुसऱ्या हातात धरून वाचत असतील. त्यांनी चकली खुशाल खावी. हा लेख पथ्याचा नाही. हा आहे चालण्याचा: डोंगरातल्या चालण्याचा, जमेल तेव्हा धावण्याचा, आणि ज्याला रोज इन्शुलिन टोचून घ्यावे लागते अशा माणसाने ते कसे करावे याचा.

माझे निदान झाले १९९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. तेव्हापासून एक सल्ला मला फुकट आणि भरपूर मिळत आला आहे. "मधुमेह ना? मग सिंहगड चढा. साखर कुठल्या कुठे पळेल!" सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याच्या मनात मधुमेहाची एकच जात असते. मोठ्या वयात पुष्कळांना होणाऱ्या मधुमेहात शरीर स्वतःच्या इन्शुलिनला नीट दाद देत नाही. तिथे चालणे हे खरोखरच औषधासारखे आहे. माझ्या जातीला डॉक्टर 'टाइप वन' म्हणतात. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. मग सिंहगड चढा की हिमालय, त्या पेशी परत येत नाहीत. इन्शुलिन बाहेरूनच घ्यावे लागते, आणि तेही जन्मभर.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे निदान म्हणजे निरोपच होता. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी इन्शुलिन वेगळे काढले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचली गेली. तिचा फारसा उपयोग झाला नाही. पण शुद्ध केलेले औषध २३ जानेवारीला दिल्यावर मुलाची साखर उतरली. आम्ही सगळे त्या मुलाच्या मागून चालणारे.

हे सारे आज लिहिण्याचे कारण आमच्याच सोसायटीत आहे. पावसाळ्यात एक जोडपे आमच्याकडे आले. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला नुकतेच हेच निदान झाले होते. डिसेंबरात शाळेची सहल एका किल्ल्यावर जाणार होती. शाळेने नकार दिला नव्हता. नकार घरातूनच होता. मुलीने मात्र जेवणखाण सोडण्याची धमकी दिली होती, आणि या आजारात ती धमकी साधी नसते.

"ताई, तुम्ही गड चढता म्हणे," वडील म्हणाले. "खरं सांगा, धोका नसतो?"

धोका असतो. तसे मी त्यांना सांगितले. मग चहा झाला (दोन कप साखरेचे, एक बिनसाखरेचा), आणि पुढचे दोन तास मी त्यांना जे सांगितले तेच इथे सांगते.

*हिशेब*

इन्शुलिन ही पेशीच्या दाराची किल्ली आहे, असे शाळेच्या पुस्तकात असते. ते खरे आहे. पण चालणाऱ्या माणसाच्या स्नायूंना एक मागचे दारही असते. स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर ते इन्शुलिनला न विचारता आत ओढून घेतात. निरोगी माणसाचे स्वादुपिंड हे ओळखून आपले इन्शुलिन लगेच आवरते घेते. मी सकाळी टोचून घेतलेल्या इन्शुलिनला मात्र मी घरात पोळ्या लाटते आहे की आतकरवाडीहून सिंहगड चढते आहे हे कळत नाही. ते आपले पुढचे दार उघडत राहते, स्नायू मागचे उघडतात, आणि रक्तातली साखर दोन्हीकडून बाहेर जाते. इतरांना जी आनंदाची बातमी, तीच आम्हाला सावधगिरीची सूचना.

म्हणून निघण्यापूर्वी डोस कमी करायचा असतो. किती, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे. माझा आकडा दुसऱ्याच्या उपयोगाचा नाही. निघताना साखर साधारण १२६ ते १८०च्या दरम्यान असली की मी बुटांचे बंद बांधते. २५०च्या वर असेल आणि तपासणीत कीटोन दिसले, तर त्या दिवशी बूट फळीवरच राहतात.

धावण्याची तऱ्हा आणखी निराळी. वेताळ टेकडीच्या वाटेवर मी हळूहळू धावते तेव्हा साखर उतरते. पण चढावर एखादी जोराची धाव घेतली की ती उलट चढते! शरीराला वाटते, वाघ मागे लागला आहे. अॅड्रेनॅलिन सुटते आणि यकृत आपल्या कोठारातली साखर रक्तात ओतते. तो चढलेला आकडा पाहून लगेच सुई घेणे धोक्याचे; कारण तासा-दोन तासांनी साखर आपणहून खाली येऊ लागते.

आणि गड उतरला म्हणजे गड संपला असेही नाही. थकलेले स्नायू आपली रिकामी कोठारे रात्रभर भरत असतात. साखर घसरते ती पुष्कळदा रात्री दोनच्या सुमारास, गाढ झोपेत. पूर्वी डोंगरातून आले की त्या रात्री सासूबाई गजर लावून उठत आणि माझ्या कपाळाला हात लावून घाम आला आहे का ते पाहत. त्यांनी मला कधी 'जाऊ नकोस' म्हटले नाही. पण त्या रात्री त्यांची झोप मोडे, हे मला ठाऊक होते. आता दंडावर सेन्सर असतो. साखर उतरली की मोबाइल ओरडतो आणि सासूबाईंबरोबर सारे घर उठते. विज्ञानाची प्रगती म्हणतात ती हीच.

*हा घाम कोणता?*

डोंगरातली खरी अडचण वेगळीच आहे. साखर कमी झाल्याची लक्षणे कोणती? घाम, छातीत धडधड, पायांना कंप, भूक, चिडचिड. आणि चढ चढताना होते ते काय? घाम, धडधड, कंप, भूक, आणि बरोबरचे पुढे निघून गेले असतील तर चिडचिडही! दोन्हींची लक्षणे एकच. तेव्हा डोंगरात 'मला बरं वाटतंय' या वाक्याला किंमत नाही. किंमत आकड्याला. त्यातही सेन्सर मोजतो तो कातडीखालचा द्रव; साखर वेगाने घसरत असेल तर तो रक्ताच्या काही मिनिटे मागे राहतो. म्हणून बोटाला टोचून पाहायचे यंत्र खिशात हवेच.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आम्ही राजगडावर होतो. संजीवनी माचीचे टोक पाहून पद्मावती माचीकडे परत येत होतो. हिशेब सगळा नीट होता, खाणे वेळेवर झाले होते. सेन्सर ९२ दाखवत होता. मी एका दगडावर बसले आणि जाहीर केले की, आमच्या मैत्रिणीचे भरभर चालणे हा माझा अपमान आहे आणि मी आता इथून हलणार नाही. मैत्रीण माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "भांड हवं तेवढं. पण आधी हे तोंडात टाक." पंधरा ग्रॅम ग्लुकोज तिने स्वतःच्या खिशातून काढले. मग बोटाला टोचले. आकडा होता ५८. सत्तरच्या खाली म्हणजे कमी. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासले, मग चिक्की खाल्ली, आणि अपमान साफ विसरून मी तिच्यामागून चालू लागले.

तेव्हापासून आमच्या गटात नियम झाला आहे: मी तावातावाने बोलू लागले की आधी ग्लुकोज, मग वाद. आमच्या यांनी हा नियम घरीही लागू केला आहे. ते मला पसंत नाही.

या प्रसंगातून त्या आईवडिलांनी काय घ्यावे? एवढेच, की हिशेब बरोबर असूनही साखर उतरू शकते. आणि अशा वेळी ज्याचे डोके ठिकाणावर असेल असा दुसरा माणूस जवळ असावा लागतो. एकटीने जायचे नाही. बरोबरच्या एकाला तरी सारे शिकवून ठेवायचे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात साखर कोंबायची नाही, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा वेळी ग्लुकॅगॉन जवळ असेल तर ते द्यायचे आणि तातडीने डॉक्टर गाठायचा, हेही त्यातच आले.

*पिशवीत काय?*

ग्लुकोज तीन ठिकाणी: माझ्या खिशात, माझ्या पिशवीत आणि मैत्रिणीजवळ. पिशवी दरीत गेली तर जीव तिच्याबरोबर जाऊ नये. इन्शुलिनची पेने दोन. ती पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायची नाहीत. ऊन लागून औषध निकामी होते. बर्फाला चिकटवायचीही नाहीत, कारण गोठलेले इन्शुलिनही वायाच जाते. उन्हाळ्यात मी ती ओलसर पिशवीत ठेवते. पाणी झिरपून वाळताना गारवा येतो. आपल्या माठाचीच युक्ती.

खाण्याचा हिशेबही आधी करावा लागतो. चाळीस ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम कर्बोदके. सिंहगडावरच्या मावशी भाकरी थापतात ती याहून मोठी असते, तेव्हा तिथे अंदाजाने चालावे लागते. पिठले आणि मडक्यातले दही यांची भीती नाही. पाठवणीचा बेसनलाडू मात्र साखर उतरल्यावर कामाचा नाही. तुपामुळे त्यातली साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. हे सासूबाईंना पटायला दोन वर्षे लागली. आता त्या ग्लुकोजच्या पुड्या मोजून देतात, आणि लाडू 'मैत्रिणींसाठी' म्हणून निराळा बांधतात.

शेवटचे म्हणजे पाय. जुन्या मधुमेहात पावलांची जाणीव बोथट होऊ शकते. काटा रुतला तरी कळत नाही. संध्याकाळी बूट काढले की मी दिव्यापाशी बसून तळवे निरखते. घरातली मुले याला 'आईची पाद्यपूजा' म्हणतात.

*माघार*

मुलीच्या आईने मधेच विचारले, "पण एवढं सगळं करून शेवटी जमतं का हो?"

जमते. वसीम अक्रमला १९९७ साली मधुमेह असल्याचे कळले. त्यानंतरही तो इन्शुलिन घेत धावत येऊन चेंडू टाकत राहिला, आणि २००३च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला. ऑस्ट्रियाचा गेरी विंकलर इन्शुलिनवर असताना २००६ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर उभा राहिला.

"ती मोठी माणसं," आई म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून मी त्यांना माझी कळसूबाई सांगितली.

महाराष्ट्राचे ते सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. बारी गावातून आम्ही पहाटे निघालो. शेवटची लोखंडी शिडी समोर दिसू लागली तेव्हा तासाभरात माझी साखर दुसऱ्यांदा उतरली होती आणि बरोबरचे निम्मे ग्लुकोज संपले होते. आमचा नियम ठरलेला आहे: निम्मे संपले की फिरायचे, कारण उतरणीलाही तेवढेच लागू शकते. शिडी डोळ्यांसमोर, वरच्या देवळातली घंटा ऐकू येते आहे, आणि आपण पाठ फिरवायची! दोघीजणी माझ्याबरोबर परतल्या. खाली उतरेपर्यंत मी कोणाशी बोलले नाही, आणि त्या दिवशी साखर अगदी ठीक होती. राग निव्वळ माझा होता. मी अजून कळसूबाईच्या माथ्यावर गेलेले नाही.

हे ऐकून वडील जरा सैल होऊन बसले. गड जिंकल्याच्या गोष्टींपेक्षा ही गोष्ट त्यांना जास्त धीराची वाटली असावी. मुलगी डोंगरावर जाईल याची त्यांना भीती नव्हती. ती परत फिरणार नाही, लाजेपायी कोणाला सांगणार नाही, याची होती. तेराव्या वर्षी चारचौघींत सुई काढणे सोपे नसते.

श्रावणात आम्ही तिला पर्वतीवर नेले. दर थांब्याला तिने स्वतः आकडा पाहिला आणि वहीत लिहिला. भाद्रपदात तीन वेळा टेकडी झाली; एकदा साखर उतरली, तेव्हा तिने आपणहून "थांबा" म्हटले. नवरात्रानंतर आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड, सुमारे सहाशे मीटरचा चढ, दोन तास वीस मिनिटांत. वर पोहोचल्यावर तिने भाकरीचा अंदाज माझ्याहून बरोबर केला. वडिलांनी शाळेच्या बाईंना एका पानावर सगळे लिहून दिले आहे, आणि वर्गातल्या दोन मैत्रिणींना मुलीने स्वतः शिकवले आहे.

सहलीला अजून सहा आठवडे आहेत. मुलीचा आता हट्ट एवढाच, की बाबांनी बरोबर येऊ नये. मला तो रास्त वाटतो. बाबांना अजून वाटत नाही. फराळाला ते आमच्याकडे येणार आहेत. तेव्हा पुन्हा बोलू.