मुलाचे नागपुरातले घर आणि बापाची पुंजी



संत्र्याचा आंबिया बहार उतरला, कापसाची वेचणी झाली, की घरात चार पैसे येतात. नेमका त्याच सुमारास नागपूरला नोकरीला असलेला मुलगा म्हणतो, "बाबा, फ्लॅट पाहिला आहे. बँक कर्ज देते, फक्त सुरुवातीची रक्कम कमी पडते." मुलाचे घर व्हावे असे कोणत्या आईबापांना वाटणार नाही? पैसे द्यावेत की नाही, हा तुमच्या घरचा प्रश्न आहे. पण दिले ते कायमचे की उसने, हे देण्याआधी ठरवा, एवढेच मला सांगायचे आहे.

काटोल भागातील एका घरी मी नेहमी जातो. थोरला मुलगा वावर पाहतो, धाकटा नागपूरला. वडिलांनी नव्या विहिरीसाठी ठेवलेले ८ लाख रुपये धाकट्याला दिले. बँकेने एका कागदावर सही मागितली. रक्कम बक्षीस आहे, परत मागणार नाही, असे त्यात लिहिले होते. वडिलांना ती नुसती कागदपत्राची रीत वाटली. तिसऱ्या वर्षी जुनी विहीर आटली, बाग वाळू लागली. वडिलांनी पैसे मागितले, तर मुलगा म्हणाला, "बाबा, हप्त्यातच पगार जातो. आणि तुम्ही तर दिले होते ना?" थोरला एवढेच बोलला, "मी उन्हात राबलो, त्याचं काय?" त्या वर्षी दिवाळीला दोघे भाऊ एका पंगतीला बसले नाहीत.

यात लबाड कोणीच नव्हता. बापाने उसने समजून दिले, मुलाने बक्षीस समजून घेतले.

किती रक्कम लागते?

घराची किंमत आणि कर्ज यांचे प्रमाण रिझर्व्ह बँकेने ठरविले आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ४० लाखांच्या फ्लॅटला ८ लाख घरचे हवेत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी, आणि ती दोन लाखांच्या वर जाते. घर सून किंवा मुलीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात महाराष्ट्रात १ टक्का सवलत आहे.

कायमचे द्यायचे असेल तर

आईवडिलांनी मुलाला दिलेल्या बक्षीस रकमेवर त्याला आयकर लागत नाही. काका, मामा, सख्खी भावंडे यांनी दिले तरी नाही. मात्र मित्र किंवा चुलतभाऊ यांच्याकडून वर्षात ५० हजारांवर रक्कम मिळाली, तर घेणाऱ्याला कर लागतो. रक्कम बँकेमार्फतच द्या. आणि लक्षात ठेवा, दिलेले बक्षीस मनात आले म्हणून परत मागता येत नाही. म्हातारपणी सांभाळण्याच्या अटीवर देत असाल, तर ती अट कागदावर लिहा. मुलाने ती मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

उसने द्यायचे असेल तर

२० हजार किंवा त्यावरचे उसने पैसे रोख देऊ नका. शेतकऱ्या-शेतकऱ्यांतील व्यवहाराला काही सूट आहे, पण करपात्र पगार घेणाऱ्या मुलाला ती लागू नाही. रक्कम, तारीख, परतफेडीची मुदत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. उसन्या पैशाचा दावा साधारणपणे ३ वर्षांच्या आत करावा लागतो. ती मुदत संपण्याआधी मुलाने "इतके देणे बाकी आहे" असे लिहून सही केली, तर मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. बँकेलाही खरे तेच सांगा. तिथे बक्षीस लिहून द्यायचे आणि घरी उसने म्हणायचे, हा व्यवहार टिकत नाही.

आधी या गोष्टी पाहा

वडिलोपार्जित जमीन विकून पैसे देत असाल, तर २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे विसरू नका. तिला विचारल्याशिवाय रक्कम हलवू नका. पीककर्जाचा पैसा घराकडे वळवू नका. घराचे हप्ते वीस वर्षे चालतात, पीककर्ज मात्र हंगामाला फेडावे लागते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराचा नोंदणी क्रमांक पाहूनच इसार द्या. प्लॉट घेत असाल, तर लेआउट मंजूर आहे का, हे सुधार प्रन्यास किंवा महानगर प्राधिकरणाकडे विचारा.

त्या काटोलकडच्या घराचे पुढे बरे झाले. आई, दोघे भाऊ आणि बहीण वही घेऊन बसले. धाकट्याला मिळालेले ८ लाख वाटणीच्या वेळी त्याच्या हिश्श्यात धरायचे ठरले, आणि वकिलाकडून तसा कागद झाला. विहिरीला धाकट्याने जमेल तेवढे दिले. हेच बसणे तीन वर्षे आधी झाले असते, तर दिवाळी वाया गेली नसती.

तेव्हा रक्कम देण्याआधी एक संध्याकाळ काढा. सगळ्यांना बोलवा, सुनांना आणि मुलींनाही. आपल्या म्हातारपणाचे, वावराचे आणि दुष्काळाचे पैसे बाजूला ठेवा, आणि उरेल त्यातून मुलाला आनंदाने द्या.