कारंजेकरांनी अजब बंगला कसा पाहावा?

वस्तुसंग्रहालय पाहणे ही गोष्ट आपल्याकडे अद्याप जत्रेच्या सदरात मोडते. नागपुरास लग्नकार्य, दवाखाना, कोर्टकचेरी अथवा व्यापाराचे काही काम निघाले, हाताशी दोन तास रिकामे राहिले आणि मुलांनी हट्ट धरला, म्हणजे गृहस्थ सहकुटुंब अजब बंगल्यात शिरतो. पेंढा भरलेल्या जनावरांपुढे मंडळी घटकाभर रेंगाळतात, ढालीतलवारींपुढे थबकतात. परंतु दगडी व धातूच्या मूर्तींचे दालन लागले की पायांस एकाएकी वेग येतो. बाहेर पडल्यावर 'पाहून झाले' असे म्हणून मंडळी उपाहारगृहाची वाट धरतात. काय पाहिले, असे दुसऱ्या दिवशी विचारले तर वाघाखेरीज दुसऱ्या कशाची आठवण निघेल याची खात्री देता येत नाही.

हा दोष एकट्या पाहणाराचा आहे असे आम्ही म्हणत नाही. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. त्यास लोकांनी 'अजब बंगला' हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. अजब म्हणजे नवलाचे. ज्या वस्तूचा आपल्याशी काही संबंध नाही तिच्याविषयी नवल वाटते. स्वतःच्या घरातील देव्हाऱ्याला कोणी अजब म्हणत नाही. अर्थात, या एका नावातच आपली दृष्टी उघड झाली आहे. त्या इमारतीतील वस्तू परक्या आहेत, सरकारने कोठून तरी आणून मांडल्या आहेत आणि आपण तिकीट काढून आलेले प्रेक्षक आहोत, असे आपण धरून चाललो आहोत. ही समजूत खोटी आहे, आणि कारंज्याच्या माणसाच्या बाबतीत तर ती विशेषच खोटी आहे.

याचे एकच उदाहरण पुरे. मूर्तिजापूर तालुका आपल्या शेजारचा. शकुंतला गाडी धावत होती तेव्हा मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर कारंजा हे ठळक स्टेशन होते आणि आपल्या कापसाच्या गाठी त्याच वाटेने मोठ्या रेल्वेस मिळत. त्या तालुक्यात राजनापूर खिनखिनी नावाचे गाव आहे. तेथे जमिनीतून जैन तीर्थंकरांच्या धातूच्या मूर्तींचा एक साठा निघाला. त्या मूर्ती सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या आहेत आणि आज त्या नागपूरच्या याच संग्रहालयाच्या मालकीच्या आहेत. प्राचीन जैन मूर्तिकलेचा अभ्यास करणारे विद्वान या खिनखिनीच्या मूर्तींचा आवर्जून उल्लेख करतात. आमच्या बाजारपेठेत मात्र 'खिनखिनी' म्हटल्यास त्या गावच्या पाव्हण्यारावळ्यांची चौकशी होईल, मूर्तींची होणार नाही. ज्या मातीत आपले शेत आहे त्याच मातीतून वर आलेले धन नागपुरास आहे, आणि आपण त्याच्या शेजारून वाघ शोधीत जातो!

येथे कोणी म्हणेल की, कला समजण्यास विद्या लागते. आम्ही व्यापारी माणसे, आम्हांस मूर्तीतील काय कळणार? या आक्षेपात विनय असेल, पण सत्य नाही. कापसाचा व्यापारी मूठभर रुई बोटांत धरून धागा ओढतो आणि तंतूची लांबी, ओल, कचरा क्षणार्धात सांगतो. सोनार कसोटीवर एक रेघ ओढतो आणि कस सांगतो. ज्यांच्या डोळ्यांस व बोटांस ही पारख आहे, त्यांना मूर्तीची पारख अशक्य आहे हे आम्ही मान्य करणार नाही. प्रश्न विचारण्याची सवय मात्र हवी. वस्तू कशाची केली आहे? कशी केली आहे? कोणाकरिता केली आहे? तिचा खर्च कोणी सोसला असेल? आणि ती येथे कशी आली? धातूची जुनी मूर्ती पाहताना एवढे जरी ठाऊक असले, की अशा मूर्ती सामान्यतः प्रथम मेणात घडवून, वर मातीचे लेपण देऊन, मेण तापवून काढून टाकून त्या पोकळीत वितळलेला धातू ओतून करीत, तरी पाहणारा तिच्यापुढे पाच मिनिटे उभा राहील. साचा फोडल्यावाचून मूर्ती बाहेर येत नसे. म्हणून त्याच साच्याची दुसरी मूर्ती नाही. हे कळले म्हणजे कारागिराच्या छातीतील धडधडही थोडी ऐकू येते. सबंध संग्रहालय एका दिवसात 'करून टाकण्या'पेक्षा चार वस्तू अशा रीतीने पाहून परत येणारा मनुष्य अधिक श्रीमंत होऊन येतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु संग्रहालय पाहण्याचा खरा लाभ संग्रहालयात मिळत नाही. तो गावी परतल्यावर मिळावयाचा असतो. ज्याने नागपुरास कोरीव दगड नीट पाहिला, त्याने कारंज्याच्या वेशीतून पूर्वीप्रमाणे खाली मान घालून जाऊ नये. दिल्ली, दारव्हा, पोहर आणि मंगरूळ या आपल्या चार वेशींची नावे हाच एक भूगोलाचा धडा आहे: या पेठेचा माल कोणत्या दिशांस जात होता, ते त्या सांगतात. काष्ठासंघाच्या मंदिरातील लाकडावरील कोरीव काम पाहण्यास दुरून जाणकार येतात. गावातील किती गृहस्थांनी ते डोळे भरून पाहिले आहे? काष्ठासंघ हे जैन मुनींच्या एका संघाचे नाव आहे, लाकूडकामाशी त्याचा संबंध नाही, एवढी साधी गोष्टही आपल्या मुलांस कोणी सांगत नाही. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून येथे वर्षभर यात्रेकरूंची रीघ असते. दर्शन घेऊन ते परतात. गावात आणखी काय आहे हे त्यांस सांगणारा एक फलक किंवा एक मनुष्य असावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

आता ग्रंथभांडारांकडे वळू. बलात्कारगण व सेनगण या भट्टारक परंपरांची पीठे कारंज्यास होती आणि त्यांच्या मंदिरांतून हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची १९२६ साली प्रसिद्ध केली, तीत कारंज्याच्या भांडारांना मानाचे स्थान मिळाले आणि विद्वानांच्या जगात एकदम या गावाचे नाव झाले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी अपभ्रंश भाषेतील ग्रंथ संपादून छापले. 'सावयधम्मदोहा' १९३२ साली, 'पाहुडदोहा' १९३३ साली, 'करकंडचरिउ' १९३४ साली निघाले. त्यापूर्वीच १९३१ साली परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी पुष्पदंत कवीचे 'जसहरचरिउ' संपादिले होते. या ग्रंथमालेस नावच कारंज्याचे होते. मराठी आपल्या आजच्या रूपास येण्यापूर्वी तिच्या आसपासच्या भाषा कशा बोलत होत्या, याचा मोठा पुरावा या पोथ्यांतून मिळाला. ज्या विश्वस्तांनी व पुजाऱ्यांनी शतकानुशतके वाळवी, ओल आणि आग यांच्यापासून ही संपत्ती राखली, त्यांचे ऋण या गावाने जाहीररीत्या मान्य केले पाहिजे.

याच्या उलट दुसरे चित्र आहे. जुना वाडा पाडला म्हणजे त्याचे कोरीव खांब, तुळया, चौकटी, गणेशपट्ट्या जुन्या लाकडाच्या वखारीत जातात आणि तेथे त्यांचा हिशेब लाकूड म्हणूनच होतो. काही काळाने त्यांतीलच एखादी चौकट मोठ्या शहरातील जुन्या वस्तूंच्या दुकानात कलावस्तू म्हणून उभी असते. कापूस येथून कच्चा जावा आणि कापड होऊन परत विकत यावे, या व्यवहाराविरुद्ध आपल्या वाडवडिलांनी स्वदेशीची चळवळ केली. तोच व्यवहार आपण स्वतःच्या घराच्या दाराशी करीत आहो आणि त्याची आपणांस लाजही वाटत नाही.

'मग सारेच नागपूर-मुंबईस नेऊन ठेवा' असा यावर कोणी उपाय सुचवील. आम्हांस तो पसंत नाही. जमिनीतून निघालेली, ज्यास पूजक उरला नाही अशी मूर्ती संग्रहालयात सुखरूप असते. परंतु जी वस्तू आपल्या जागी नांदत आहे, तिचे स्थान तेथेच आहे. दूरची कोठी नेहमी सुरक्षित असते हाही भ्रम आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या रॉबर्ट गिल याने अनेक वर्षे खपून केलेल्या प्रती विलायतेस नेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सर्व जळाल्या. मूळ चित्रे मात्र सह्याद्रीच्या कड्यात राहिली. ज्या वाकाटक राजा हरिषेणाच्या वराहदेव नामक मंत्र्याने तेथील सोळावे लेणे कोरविले, त्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम होय, हेही येथे ध्यानात ठेवावे. कलेस आश्रय देणे या जिल्ह्यास नवे नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. संग्रह करणे हे राजेरजवाड्यांचे काम, असे म्हणतात. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली भवानी संग्रहालय बांधिले हे खरे. पण पुण्याचे दिनकर केळकर हे चष्म्याचे दुकान चालविणारे गृहस्थ होते. त्यांनी सुमारे १९२० पासून दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, दरवाजे अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून जमविल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. पुढे १९७५ साली तो सबंध संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. मुंबईच्या भायखळ्यास १८७२ साली उघडलेले संग्रहालय, ज्यास आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, तेही नागरिकांच्या वर्गणीस हात लावून उभे राहिले. दुकानदाराने आणि वर्गणीदारांनी जे केले, ते कारंज्याच्या पेठेस अशक्य का वाटावे?

तिसरा आक्षेप धर्माचा. पोथ्या व मूर्ती या पूजेच्या वस्तू. त्यांचे प्रदर्शन मांडू नये, असे श्रद्धावान मंडळी म्हणतील. त्यांचा भाव आम्ही आदरणीय मानतो. आमची मागणी प्रदर्शनाची नाहीच. ती नोंदीची आहे. दुकानातील मालाची वहीत नोंद केल्याने मालाचा विटाळ होत नाही. उलट चोरी झाली तर तीच वही कोर्टात उभी राहते.

कायद्याच्या बाजूनेही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण याविषयी बाजारात फार अज्ञान आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्त धन सापडल्यास त्याची लेखी खबर कलेक्टरास देणे भाग आहे. ती दडविणे हा गुन्हा आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ चा. तो १९७६ पासून अंमलात आहे. त्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, चित्रे, कोरीव काम आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते ही 'पुरावशेष' ठरतात. खासगी मनुष्यास ती परदेशी धाडता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. राज्यघटनेच्या ५१-क कलमात आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. हक्कांची कलमे आपणांस तोंडपाठ असतात. हे कर्तव्याचे कलमही एकदा वाचावे.

तेव्हा करावयाचे काय? प्रथम, प्रत्येक शाळेने वर्षातून एक सहल नागपूरच्या संग्रहालयास न्यावी. शिक्षकाने आधी स्वतः जाऊन, कोणती दालने उघडी आहेत ते विचारून, दहा वस्तू निवडून याव्या आणि मुलांस त्या दहाच दाखवाव्या. खिनखिनीच्या मूर्ती मांडलेल्या असल्यास त्या पहिल्या. नसल्यास त्यांची चौकशी करावी, कारण विचारणारे निघाले म्हणजे मांडणारेही निघतात. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून गेल्यापासून अंतराची सबब उरली नाही. दुसरे, नगरपरिषदेने गावातील जुने कोरीव लाकूड, शिलालेख, वेशी व वाडे यांची छायाचित्रांसह एक नोंदवही करावी आणि वाडा पाडण्याचा अर्ज आला की आधी ती वही उघडून पाहावी. तिसरे, विश्वस्तांनी आपल्या भांडारांची अद्ययावत सूची व प्रतिमा करून घ्याव्या. केंद्र सरकारने हस्तलिखितांसाठी २००३ साली राष्ट्रीय अभियान काढिले आणि २०२५ च्या अंदाजपत्रकात 'ज्ञान भारतम्' या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे काम जाहीर केले, त्याचा लाभ मागणाऱ्यासच मिळणार आहे.

या नोंदवहीचा खर्च एका मध्यम लग्नाच्या मांडवाहून अधिक येईल असे आम्हांस वाटत नाही. पेठेतील दहा दुकानदारांनी मनावर घेतले तर येत्या दिवाळीच्या वहीपूजनास आपापल्या चोपड्यांशेजारी गावाची ही वहीही मांडता येईल. तिचे पहिले पान कोण लिहितो, याची आम्ही वाट पाहत आहो.