पुस्तकाआधीचा पत्ता

पहिलं पुस्तक अजून छापखान्यात गेलेलं नाही, आणि लेखक स्वतःची वेबसाइट करायला बसलाय म्हटलं की आपल्याकडे हमखास टोमणा येतो: बाजारात तुरी! टोमणा मारणाऱ्यांचंही बरोबर असतं. ‘लवकरच येत आहे’ एवढंच सांगणारं पान आणि गॉगल घातलेला फोटो, एवढ्यावर जी साइट संपते ती न केलेलीच बरी. पण नीट केलेली साइट उभी राहताना पडद्यामागे काय काय घडतं ते पाहिलं, तर टोमणा मारणाराही तोंडात बोट घालेल.

आधी नावाचंच बघा. संगणकांना एकमेकांचे आकडे कळतात, नावं नाहीत. इंटरनेट बाल्यावस्थेत होतं तेव्हा जोडलेल्या सगळ्या यंत्रांची नावं आणि त्यांचे आकडे एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. ती फाइल कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी सांभाळत. नवं यंत्र आलं की त्यांना कळवायचं, ते यादीत नोंद करणार, आणि बाकीच्यांनी नवी यादी उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ही रीत कोलमडायला लागली. मग १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी एक व्यवस्था आखली आणि ती यादीच मोडीत काढली.

आज नांदेडचा कुणी वाचक तुमच्या नावापुढे डॉट कॉम लावून शोधतो, तेव्हा खेड्यात पाहुणा घर विचारत फिरतो तसा प्रवास होतो. सगळ्यात वरच्या सर्व्हरांची नावं फक्त १३, ए पासून एम पर्यंत, जरी त्यांच्या प्रती जगभर ठेवलेल्या असल्या तरी. त्यांना तुम्ही ठाऊक नसता. ते म्हणतात, डॉट कॉमवाल्यांना विचारा. डॉट कॉमवाल्यांनाही तुमचा आकडा माहीत नसतो, पण तो कुणाकडे आहे हे माहीत असतं. तिसऱ्या दारात तो मिळतो. वाटेतली उत्तरं काही काळ जपून ठेवली जातात, म्हणून दर वेळी सगळी दारं ठोठावावी लागत नाहीत. पण ठोठावावी लागली तरी पापणी लवायच्या आत काम होतं, आणि पूर्ण यादी आता कुणा एकाकडेच नाही.

नाव मराठीतच हवं असेल तर तीही सोय आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ हे देवनागरी टोक सुरू झालं आणि मराठी, हिंदी, कोकणीसकट आठ भाषांना ते वापरता येऊ लागलं. अडचण एवढीच की ही जुनी व्यवस्था रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ यांपलीकडे काही ओळखत नाही. त्यावर २००३ साली अ‍ॅडम कॉस्टेलो यांनी प्युनीकोड नावाची युक्ती मांडली. ‘भारत’ लिहिताना तुम्ही भ, काना, र, त अशी चार चिन्हं देता. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. प्युनीकोड ती चिन्हं चढत्या क्रमाने घेतं: आधी त, मग भ, मग र आणि शेवटी काना. प्रत्येक चिन्ह कुठल्या जागी खोचायचं तेही त्याच आकड्यात गुंडाळून टाकतं. बाहेर पडतं ते असं: एक्स, एन, दोन आडव्या रेघा, एच, २, बी, आर, जे, ९, सी. तारांमधून एवढंच धावतं. पलीकडच्या पडद्यावर पुन्हा ‘भारत’ उमटतं, काना आपल्या जागी.

गोऱ्हे, कऱ्हाडकर अशा आडनावांच्या लेखकांना इथे एक खास मराठी गंमत भेटते. त्यांतला ‘ह’आधीचा अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारी जोडखूण. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. म्हणून स्वतःचं नाव कसं टाइप करायचं ते एकदा ठरवावं आणि सगळीकडे तसंच ठेवावं. डीटीपीवाल्याकडून आलेल्या फाइलचं दुखणं याहून मोठं. जुन्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार चढवलेले असतात. असा मजकूर साइटवर चिकटवला की कथेचं भेंडोळं होतं. वैतागून लोक मग पानाचं चित्र टाकतात आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर त्या चित्रापुढे मुका होतो. मजकूर युनिकोडमध्ये आणायचे कष्ट घ्यावेतच.

पण पुस्तकच नाही तर साइटवर ठेवायचं काय? अँडी वीयर हे अमेरिकेतले प्रोग्रॅमर. पूर्णवेळ लेखक व्हायचा एक प्रयत्न फसला होता. २००९ पासून ते मंगळावर एकटा अडकलेल्या माणसाची कादंबरी स्वतःच्या साइटवर प्रकरणाप्रकरणाने फुकट टाकू लागले. वाचकांत विज्ञान जाणणारी मंडळी होती. त्यांनी रसायनातल्या, भौतिकातल्या चुका कळवल्या, आणि वीयर दुरुस्त करत गेले. प्रुफं तपासून मिळतात, शास्त्र तपासून कोण देतो? छापील पुस्तक निघालं की असं पत्र येऊन उपयोग नसतो, दुसऱ्या आवृत्तीची वाट बघत बसायचं.

पुढे वाचकांनी किंडलवर चालेल अशी प्रत मागितली. तिथे फुकट ठेवता येईना, म्हणून २०११ मध्ये त्यांनी कमीत कमी किंमत लावली, ९९ सेंट. साइटवर तेच पुस्तक फुकट होतं, तरी फुकट घेणाऱ्यांपेक्षा विकत घेणारे जास्त निघाले! २०१४ मध्ये ‘द मार्शियन’ क्राउन या प्रकाशनाकडून आलं आणि २०१५ मध्ये रिडली स्कॉट यांचा चित्रपट. सगळ्यांचं असं होत नाही हे उघड आहे. मला त्यातली दुरुस्त्यांची गोष्टच जास्त मोलाची वाटते. आपल्याकडे नव्या लेखकाच्या कथा दिवाळी अंकांत येतात आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत अंक रद्दीच्या वाटेला लागतात. त्या कथा साइटवर हव्यात, संपादकाची संमती घेऊन. शिवाय शोधयंत्रं एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातात. नव्या साइटकडे दुवेच नसतात, त्यामुळे तिचा पत्ता त्यांना लागायला वेळ जातो. तो वेळ पुस्तक यायच्या आधीच गेलेला बरा.

पुस्तकाला आयएसबीएन मिळतो, १३ आकडी, पण तो त्या आवृत्तीचा. लेखकाच्या साइटचा पत्ता मलपृष्ठावर छापला की तो सगळ्या प्रतींवर कायमचा बसतो. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, मात्र भाड्याचं असतं. डॉट कॉमचं भाडं थकलं की काही मुदत मिळते, मग सोडवून घ्यायला ३० दिवस, नंतर ५ दिवसांत नाव यादीतून जातं आणि कुणीही ते उचलतं. मग गावच्या वाचनालयातल्या प्रतीवरचा पत्ता टाकला की जुगाराचं दुकान उघडतं. भाडं एका दमात १० वर्षांपर्यंतचं भरता येतं. फक्त नोंदणीच्या वेळी दिलेला ई-मेल बदललात तर तिथेही बदलून ठेवा, कारण नूतनीकरणाची स्मरणपत्रं त्याच ई-मेलवर येतात.